सहा गुंठ्यांची गाडीवाट : हद्दवाढ भागातल्या दोन बंद रस्त्यांचं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरात, विजापूर रोडच्या बाजूला हद्दवाढ भागात घडलं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यातल्या दोन सोसायट्यांपैकी एकीचा ले-आउट १९९५ साली मीच काढला होता. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या नकाशात आहे, त्यामुळे इथे मी तटस्थ माणूस नाही. सोसायट्यांची आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, जागा ओळखू येईल असे एकदोन तपशील बदलले आहेत. एकीला शिक्षकांची सोसायटी म्हणतो, दुसरीला बँकेची. सुरुवातीचे सभासद तसेच होते. आज दोन्हीकडे सगळ्या नोकरी-धंद्यांतली माणसं राहतात.

पार्श्वभूमी

सोलापूरचं जुनं गाव पायी माणसाला कधी अडवत नाही. बाळी वेस, मंगळवार पेठ, कुंभार वेस या भागातल्या गल्ल्या अरुंद आहेत, वाकड्या आहेत, पण एक बंद असली तर शेजारच्या बोळातून पुढे निघता येतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक मुख्य रस्त्यावर असते तेव्हा लोक या बोळाबोळांतूनच सिद्धेश्वर मंदिराकडे सरकतात. पूर्व भागात तर रस्ते एकमेकांना जोडलेले असणं ही धंद्याचीच गरज होती. सूत एका घरी, रंगाई दुसरीकडे, माग तिसऱ्या घरात, आणि चादरींचे गठ्ठे हातगाडीवरून चौथीकडे. दिवसातून दहा वेळा माल इकडून तिकडे जायचा असेल तर गल्लीचं तोंड बंद ठेवून कुणालाच परवडत नाही.

१८६० साली रेल्वे आली आणि गावाला पहिली मोठी आडवी रेघ पडली. रुळांपलीकडे जायचं तर ठरावीक ठिकाणीच. नंतर गिरण्या आल्या. एकेका गिरणीचं आवार म्हणजे भिंतीआडची एकरोगणती जमीन, तिच्या आतून रस्ता नाही. तरीही त्या काळातला सात रस्ता चौक पाहा. एका जागेतून सात वाटा फुटतात. रस्त्यांच्या जोडणीचा अभ्यास करणारे कुठल्याही चौकाला पहिला प्रश्न हाच विचारतात : इथून किती वाटा निघतात? सात रस्त्याचं उत्तर त्याच्या नावातच आहे. बंद गल्लीच्या टोकाचं उत्तर एक. आलात त्याच वाटेने परत.

महापालिका १९६४ची. १९९२च्या हद्दवाढीत मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे, शेळगी, बाळे, देगाव अशी आजूबाजूची गावं आत आली आणि शहराचं क्षेत्र एकदम वाढून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झालं. पण जमिनीचे तुकडे शेतीचेच राहिले, आणि सगळं गाडं तिथेच अडलं. आपल्याकडे वाटण्या होतात त्या लांब पट्ट्यांत. प्रत्येक भावाला रस्त्याचं तोंड मिळावं, विहिरीचं पाणी मिळावं म्हणून शेत उभं चिरतात. अशी एकेक पट्टी एकेका सोसायटीने घेतली. पट्टीच्या मधोमध एक रस्ता, त्याला दोन्ही बाजूंनी आखूड गल्ल्या, आणि शेताचा बांध आला की सगळं संपलं. शेजारच्या पट्टीतही तेच. दोन्ही पट्ट्यांचं तोंड मोठ्या रस्त्यावर, पाठ एकमेकींकडे. बांधावर पूर्वी बोरी-बाभळी होत्या, तिथे आता विटांची भिंत आली.

आमच्या प्रकरणातल्या पट्ट्या अशाच. बँकेच्या सोसायटीचा ले-आउट आधी मंजूर झाला होता. वर्षभरात शिक्षकांची जमीन माझ्याकडे आली. दोघींच्या मध्ये साधारण नऊ मीटर रुंद आणि पासष्ट मीटर लांब एक जागा शिल्लक होती, जेमतेम सहा गुंठे. ती मूळ मालकाची गाडीवाट. त्याचं मागचं शेत तेव्हा विकलेलं नव्हतं, बैलगाडी न्यायला त्याने ती राखून ठेवली होती. पुढे मागचं शेतही गेलं. गाडीवाटेला जायला ठिकाणच उरलं नाही.

१९९५ सालचा माझा निर्णय

ट्रेसिंग पेपरवर मी शिक्षकांचा मधला रस्ता काढला तो दिवस मला आठवतो. रस्ता बांधापर्यंत नेला होता, एवढं बरं केलं. पण बँकेच्या सोसायटीचा रस्ता नेमका कुठे संपतो ते मी पाहिलं नाही. मोजणीच्या नकाशावर शेजारच्या जमिनीचा फक्त नंबर आणि मालकाचं नाव होतं, आणि प्रस्तावाला तेवढंच लागत होतं. शेजारच्या मंजूर ले-आउटची अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची प्रत, मागवायला एक अर्ज आणि दोन फेऱ्या पुरल्या असत्या. मी त्या मारल्या नाहीत.

रस्ता बांधाला कुठे टेकवायचा यावरही सोसायटीच्या तेव्हाच्या सचिवांशी बोलणं झालं होतं. ते म्हणाले, "सर, रस्ता जरा वर घ्या. खाली घेतला तर कोपऱ्याचा प्लॉट तिरका होतोय, तो कुणी घेणार नाही." मी वर घेतला. त्यामुळे दोन्ही सोसायट्यांच्या रस्त्यांची टोकं गाडीवाटेच्या दोन बाजूंना आली खरी, पण समोरासमोर नाही. एक टोक दुसऱ्यापासून पन्नास-साठ पावलं सरकलेलं. समोरासमोर असती तर नऊ मीटर ओलांडले की झालं असतं. सरकली म्हणून अख्खी गाडीवाट लागली.

प्रश्न कसा उभा राहिला

घरं भरत गेली तशी शिक्षकांच्या सोसायटीच्या शेवटच्या गल्लीतल्या मुलांनी भिंतीत एक खिंडार पाडलं. शाळा बँकेच्या सोसायटीच्या टोकाला होती. खिंडारातून गेलं की शाळेच्या फाटकापर्यंत १८० मीटर. रस्त्याने जायचं तर आपल्या सोसायटीतून बाहेर हमरस्त्यावर, तिथून पुढे, मग बँकेच्या सोसायटीत शिरून शेवटपर्यंत. गाडीच्या मीटरवर ते १.३ किलोमीटर भरलं. सात पटींचा वळसा. आणि त्यातला मधला टप्पा विजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या कडेचा, जिथे उसाचे ट्रॅक्टर, ट्रक आणि एसटी एकाच वेळी येतात.

खिंडार वर्षानुवर्षं चाललं. गाडीवाटेत वेड्या बाभळी वाढल्या होत्या, मधोमध एक कडुलिंब आणि त्याच्याखाली शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड. मुलांच्या पायांनी पडलेली वाट दगडाला वळसा घालून जायची. २०१७ साली बँकेच्या बाजूला एका घरी चोरी झाली आणि त्या सोसायटीने एका रविवारी खिंडार विटा-सिमेंटने बुजवून टाकलं. त्याच पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा हमरस्त्याच्या तोंडाशी सायकलवरून पडला, पायाचं हाड मोडलं. ट्रक थोडक्यात चुकला होता. तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बाई आणि दोन पालक माझ्या घरी आले. नकाशावर सही माझी होती, हे त्यांनी प्रिंटवरून शोधून काढलं होतं.

प्रश्न फक्त शाळेचा नव्हता. मी दोन दिवस सकाळी त्या बंद टोकाशी जाऊन उभा राहिलो. घंटागाडी आत यायची, तिला वळायला जागा नाही, म्हणून सगळी गल्ली उलटी चालत बाहेर पडायची. मागे बघायला एक बाई गाडीच्या शेजारून चालायच्या आणि दारातली लहान मुलं आत घ्यायला हाका मारायच्या. पाण्याच्या टँकरचंही तेच. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, टँकर लागतोच, आणि टँकर आत असेल तेवढा वेळ गल्लीतून चारचाकी बाहेर पडू शकत नाही.

मोजून पाहिलं तेव्हा

भावना दोन्हीकडे तापल्या होत्या, म्हणून मी आधी आकडे काढले. रस्त्यांच्या जाळ्याची एक साधी मोजणी आहे. चौक आणि टोकं मोजायची, त्यांना जोडणारे रस्त्याचे तुकडे मोजायचे, आणि तुकड्यांना टोकांनी भागायचं. जाळं झाडासारखं असेल, म्हणजे एक खोड आणि नुसत्या फांद्या, तर तुकडे टोकांपेक्षा नेहमी एकने कमी भरतात. भागाकार एकच्या आत राहतो. सगळीकडे चौक असलेल्या मोठ्या चौकटीच्या वस्तीत तो दोनच्या जवळ जातो.

शिक्षकांच्या सोसायटीत १७ टोकं, १६ तुकडे. बँकेच्या सोसायटीत १३ आणि १२. दोघींना बाहेरून जोडणारा हमरस्त्याचा तुकडा धरला तर ३० टोकं आणि २९ तुकडे. शुद्ध झाड. गाडीवाट जोडली तर दोन बंद टोकं नाहीशी होतात, तिथले दोन तुकडे आणि मधली वाट मिळून एक तुकडा होतो, म्हणजे २८ आणि २८. भागाकार ०.९७ वरून १ वर. कागदावर हा बदल नगण्य दिसतो.

मी थबकलो तो इथे. आकडा जेमतेम हलला होता, पण एका मुलाचं शाळेचं अंतर १.३ किलोमीटरवरून १८० मीटरवर येत होतं. झाडाला पहिलं कडं मिळत होतं. मधल्या रस्त्यावर कुठलीही एक जागा बंद पडली तरी दुसरीकडून बाहेर पडता येईल, ही सोय त्या वस्तीला वीस वर्षांत प्रथमच मिळणार होती. शहराची सरासरी काढणाऱ्याला असा दुवा दिसणारच नाही. तो कुठे आहे आणि त्याच्या दोन बाजूंना काय आहे, हे पायी चालूनच कळतं. पुढच्या सगळ्या बैठकांत मी भागाकार बाजूला ठेवला आणि एकच तक्ता नेला : शेवटच्या गल्लीतल्या घरापासून शाळा, दवाखाना, किराणा आणि रिक्षा थांबा, आजचं अंतर आणि जोडल्यानंतरचं अंतर.

कोणते पर्याय होते

सगळ्यांना पहिला मार्ग कोर्टाचा सुचला. गाडीवाट म्हणजे पाणंद, पाणंद म्हणजे सार्वजनिक, असं पालक ठामपणे म्हणत होते. गावनकाशा काढला. गावनकाशात गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेने दाखवतात, पायवाट तुटक एकेरी रेषेने. त्या जागी एकही रेष नव्हती. वाट खासगीच होती. मामलेदार कोर्टाचा १९०६चा कायदा शेताची वाट अडवली तर कामाला येतो, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. इथे शेतच उरलेलं नव्हतं. वहिवाटीच्या हक्कासाठी १८८२च्या सुखाधिकार कायद्याने वीस वर्षं उघड आणि अखंड वापर दाखवावा लागतो. खिंडार पडलं २००४च्या आसपास. वर्षं भरत नव्हती. आणि भरली असती तरी शेजाऱ्यावर दावा लावून त्याच्याच दारातून मुलं शाळेत पाठवायची, हे मला मनापासून नको होतं.

दुसरा मार्ग विकास आराखड्याचा. आराखड्यातला मंजूर रस्ता जवळून जात होता, पण तो चारशे मीटर लांब, आणि त्याच्या जागेत दोन गुंठेवारी वसाहती उभ्या होत्या. तो कधीतरी होईलही. तोवर सहावीतली मुलं नोकरीला लागली असती.

तिसरा, दोन्ही सोसायट्यांनी वर्गणी काढून सहा गुंठे विकत घ्यायचे. सातबाऱ्यावर अकरा नावं होती. मूळ मालक वारला होता. तीन मुलगे, बहिणी, एका मुलाचे वारस, त्यातले दोघे पुण्यात. दर त्यांनी प्लॉटचा सांगितला, आणि तो सांगण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी मागितलं म्हणून त्यांना लोभी म्हणणारे आमच्यात होते. मला ते पटलं नाही. त्यांच्या बापाने दोन सोसायट्यांना जमीन विकली आणि दोघींनी मिळून त्याची राहिलेली वाट भिंतींत कोंडली होती.

चौथा, महापालिकेने तिथे रस्त्याची रेषा मंजूर करायची, वारसांनी जागा महापालिकेच्या नावे करून द्यायची आणि मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घ्यायचा. पैसे कुणाच्या खिशातून जात नव्हते. पण अकरा सह्या, हद्दकायम मोजणी, ठराव, हरकती या सगळ्याला वर्षं लागणार हे उघड होतं.

पाचवा पर्याय त्या निवृत्त बाईंनी मांडला. "सर, रस्ता कधी व्हायचा तो होऊ द्या. आधी पायी जाण्याएवढं मोकळं करा. गाडीला नाही, माणसाला." मी आयुष्यभर नऊ मीटर, बारा मीटर असाच विचार केलेला. दीड मीटरच्या वाटेचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

विरोध

बँकेच्या सोसायटीचा विरोध नुसता हट्ट म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. त्यांच्या अध्यक्षांकडे मी तीनदा गेलो. पहिल्यांदा चहासुद्धा झाला नाही. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "साहेब, आमची गल्ली शांत म्हणून आम्ही इथं घर घेतलं. वाट उघडली की विजापूर रोडचा सगळा राबता आमच्या दारातनं. मग आमच्या नातवंडांनी खेळायचं कुठं?" चोरी झालेल्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "रात्री कुत्रं भुंकलं तरी उठून बसते मी."

त्यांच्या भीतीत तथ्य होतं. रस्ता जोडला की नुसती माणसं जोडली जात नाहीत, बाहेरची गर्दीही आत येते. शिक्षकांच्या सोसायटीतल्या काही जणांना खरंच मोटारींसाठी आडवाट हवी होती, आणि ते बैठकीत तसं बोलूनही गेले. त्या एका वाक्याने आमचं काम दोन महिने मागे गेलं.

तिसऱ्या भेटीत मी काही समजावलं नाही. बाईंनी अध्यक्षांना सकाळी सातला शाळेच्या वेळेला सोबत यायला सांगितलं. ते आले. शेवटच्या गल्लीतून दोन मुलींच्या मागे ते हमरस्त्यापर्यंत चालत गेले. तोंडाशी मुलींनी एकमेकींचा हात धरला, दप्तरं पोटाशी घेतली आणि उसाचा ट्रॅक्टर जाईपर्यंत गटाराच्या कठड्यावर चढून उभ्या राहिल्या. दुसऱ्या ट्रॉलीतून लोंबणारा ऊस धाकटीच्या खांद्याला घासून गेला. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, सवयीची गोष्ट होती. अध्यक्ष शाळेपर्यंत गेले नाहीत. तिथूनच म्हणाले, "चाचणी म्हणून दोन महिने. गाडी नाही. रात्री कुलूप."

काय केलं

वारसांपैकी गावात राहणारे थोरले मालक एका बैठकीतच तयार झाले. "वाट आमचीच राहणार असेल लिहून द्या, मग पोरं जाऊ देत की." दोन्ही सोसायट्यांनी शंभराच्या मुद्रांकावर लिहून दिलं की ही परवानगी आहे, हक्क नाही, आणि ती कधीही मागे घेता येईल. वकिलाने सुचवलेली ही ओळ फार कामाची ठरली. हक्क मागत नाही असं दिसल्यावर माणसं द्यायला तयार होतात, हे मी तेव्हा पाहिलं.

बाभळी तोडल्या. कडुलिंब आणि म्हसोबा जागेवर ठेवले, मुलांनी पाडलेली वाटच पक्की केली. मुरूम टाकला, दोन्ही भिंतींत दीड मीटरची फाटकं बसवली, मधोमध लोखंडी खांब रोवले, म्हणजे सायकल जाईल, मोटारसायकल नाही. रात्री दहा ते पहाटे पाच कुलूप, किल्ली दोन्ही सोसायट्यांच्या वॉचमनकडे. दोन दिवे. जानेवारी २०१९मध्ये, संक्रांतीच्या आसपास वाट सुरू झाली.

चाचणीचे दोन महिने झाले, कुणी बंद करा म्हटलं नाही. शेंगा-भाजी विकणारी एक बाई रोज दुपारी कडुलिंबाखाली बसायला लागली. ती बसते म्हणून वाट ओस राहत नव्हती, आणि चोरी झालेल्या घरातल्या मावशींनीच तिला पाण्याचा माठ दिला. दिव्यांपेक्षा तिच्या असण्याने तिथे जास्त फरक पडला, असं माझं मत आहे. मग आम्ही टीडीआरचं काम हातात घेतलं.

दुसरी चूक

मोटारींना असलेला विरोध दिवसागणिक मावळत गेला. २०२०च्या सुरुवातीला अर्ध्याअधिक वारसांच्या सह्या झाल्या आणि वारसांच्या परवानगीने सगळी गाडीवाट सपाट करून घ्यायचं ठरलं. मीच देखरेख केली. एप्रिलमध्ये टाळेबंदीत वाटेच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले गेले ते काही महिने तसेच राहिले. जोडलेली वाट एका दिवसात तोडता येते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

मग ऑक्टोबर २०२०चा तो मोठा पाऊस झाला. शिक्षकांच्या सोसायटीचा रस्ता बँकेच्या बाजूपेक्षा अडीच फूट उंच होता. जुन्या बांधाने आणि भिंतीने ते पाणी पंचवीस वर्षं अडवलं होतं. आम्ही वाट सपाट केली आणि पाण्यालाही रस्ता दिला. बँकेच्या सोसायटीतल्या टोकाच्या दोन घरांत गुडघाभर पाणी शिरलं. एका घरी लग्नासाठी आणून ठेवलेले कपड्यांचे गठ्ठे भिजले. रात्री अकराला मी तिथे पोचलो तेव्हा अध्यक्ष स्वतः पाणी उपसत होते. ते मला काहीच बोलले नाहीत. त्याचं जास्त वाईट वाटलं.

पातळ्या घ्यायला हव्या होत्या. लेव्हल मशीन लावून अर्ध्या दिवसाचं काम. दोन सोसायट्या दोन वेळी, दोन वेगळ्या भरावांवर उभ्या राहिल्या आहेत, तेव्हा त्यांच्या रस्त्यांची उंची जुळणार नाही, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागू नये. आम्ही पाणी शिरलेल्या घरांचं नुकसान वर्गणीतून भरून दिलं, वाटेच्या वरच्या तोंडाला आडवं गटार आणि लोखंडी जाळी बसवली, आणि पाणी पाइपाने हमरस्त्याच्या नाल्याकडे नेलं. वाटेवर झालेल्या सगळ्या खर्चापेक्षा या गटाराचा खर्च जास्त झाला.

निष्पत्ती

आठ वारसांच्या सह्यांनंतर पुण्यातल्या दोघांची समजूत पटायला वर्ष गेलं, शेवटच्या बहिणीची सही २०२२मध्ये झाली. रस्त्याच्या रेषेचा ठराव झाला, जागा महापालिकेच्या नावे झाली, वारसांना टीडीआर मिळाला. डांबर सहा मीटरच पडलं आहे, कारण म्हसोबा आणि कडुलिंब उरलेल्या तीन मीटरांत आहेत आणि ते हलवायला कुणी तयार नाही. मीही नाही. रस्ता तिथे किंचित वाकतो, त्यामुळे गाड्या आपोआप हळू होतात. बँकेच्या बाजूला दोन गतिरोधक त्यांच्या अटीनुसार घातले. घंटागाडी आता एका सोसायटीतून शिरते आणि दुसरीतून बाहेर पडते. उलटं चालणं संपलं.

सगळंच चांगलं झालं असं नाही. विजापूर रोडवर कोंडी झाली की दुचाकीवाले ही आडवाट धरतात आणि बँकेच्या सोसायटीची शांत गल्ली त्या तासाभरात शांत राहत नाही. अध्यक्षांनी दुसऱ्या भेटीत सांगितलेलं खरं ठरलं. माझ्या मते याला कारण एकच : हमरस्त्याला समांतर असा हा एकमेव दुवा आहे. असे पाच दुवे असते तर गर्दी पाच ठिकाणी वाटली गेली असती आणि एकाही गल्लीला जाणवली नसती. एकटा दुवा उघडला की सगळा भार त्याच्यावर पडतो, आणि मग पुढचा दुवा उघडायला शेजारी आणखी घाबरतात. जुळे सोलापूरला शहराशी जोडणाऱ्या आसरा पुलावर आणि विजापूर रोडवर रोज संध्याकाळी जे होतं, तेच इथे छोट्या मापात झालं.

आज पुन्हा करायचं तर

पहिली गोष्ट १९९५ची. शेजारच्या मंजूर ले-आउटची प्रिंट समोर ठेवल्याशिवाय रस्त्याचं टोक मी ठरवणार नाही. कोपऱ्याचा प्लॉट तिरका झाला असता, त्याची किंमत थोडी कमी आली असती. त्या तिरक्या प्लॉटपायी पुढे सत्तावीस वर्षं, अकरा सह्या, एक मोडलेला पाय आणि एक गटार लागलं. शेजारी अजून शेत असेल तरी रस्ता बांधाला टेकवून तिथे भिंत बांधू न देण्याची अट सोसायटीच्या ठरावातच घालेन.

नियमांबद्दलही बोललं पाहिजे. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ले-आउटमधल्या रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवरून ठरते : १५० मीटरपर्यंत नऊ मीटर, ३००पर्यंत बारा, त्यापुढे पंधरा. हेतू चांगला आहे. पण विकासकाच्या नजरेने पाहिलं तर रस्ता लांबवून शेजाऱ्याला जोडला की तो रुंद करावा लागेल आणि प्लॉटची जागा जाईल, आखूड ठेवून तोडला की वाचेल, असा हिशेब निघतो. मंजुरी देणाऱ्याने प्रत्येक बंद टोकाशी थांबून विचारायला हवं की पलीकडे काय आहे.

दुसरी गोष्ट २०१७ची. मी आधी कागद घेऊन बसलो आणि मग चालायला गेलो. अध्यक्षांना पहिल्याच आठवड्यात मुलींच्या मागे चालवलं असतं तर वर्ष वाचलं असतं. पायवाटेचा पर्याय मला सुचला नाही, बाईंना सुचला. आम्ही नकाशावाले रस्ता म्हटला की गाडीच मनात धरतो.

पाण्याचं वर लिहिलंच आहे.

गेल्या वर्षी शिक्षकांच्या सोसायटीच्या दुसऱ्या अंगाला, ज्वारीच्या एका पट्टीवर, प्लॉट विक्रीचा फलक लागला. मी त्या तरुण इंजिनिअरकडे माझी जुनी प्रिंट घेऊन गेलो आणि आमच्या चौथ्या गल्लीचं टोक नेमकं कुठे येतं ते त्याला दाखवलं. त्याचा रस्ता तिथून बारा मीटर खाली येत होता. त्याने मालकाला फोन लावला, बराच वेळ बोलला, आणि मग रस्ता वर सरकवला. एक प्लॉट तिरका झाला. आमच्या बाजूची भिंत अजून उभी आहे. ती काढायचा विषय येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकाला आहे.